वाचकांचे प्रश्न : बंडखोर मुले, निरुत्तर वडील

जुन्या चित्रपटांतील वयात येणारी मुले आणि त्यांचे आईवडील यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बऱ्याच पत्रांचा रोख ‘रिबेल विदाउट अ कॉज’ या १९५५ सालच्या अमेरिकन चित्रपटाकडे असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : ‘रिबेल विदाउट अ कॉज’ मी माझ्या सोळा वर्षांच्या मुलाबरोबर पाहिला. नायकाच्या घरी पैसा आहे, मोटार आहे, आईवडील त्याच्यावर हात उगारत नाहीत, उलट त्याच्यापायी गाव सोडून दुसरीकडे राहायला येतात. तरीही हा मुलगा दारू पिऊन रस्त्यात लोळतो, चाकू हाती घेतो आणि शेवटी वडिलांचा गळा धरतो. ज्याच्या नावातच ‘विनाकारण’ अशी कबुली आहे, त्या बंडाचे एवढे कौतुक कशासाठी? माझ्या मुलाला मात्र तो फार आवडला आणि त्यावरून आमचा वादही झाला.

उत्तर : आधी नावाचा उलगडा करू, कारण त्या नावाने आजवर अनेकांची दिशाभूल केली आहे. रॉबर्ट लिंडनर या अमेरिकन मनोविश्लेषकाने एका कैद्यावर संमोहनाच्या साहाय्याने केलेल्या उपचारांची हकिगत १९४४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. हे नाव त्या पुस्तकाचे आहे. वॉर्नर ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले, ते काही वर्षे तसेच पडून राहिले आणि अखेर दिग्दर्शक निकोलस रे याने चित्रपट केला तेव्हा पुस्तकातले नाव सोडून जवळजवळ काहीच वापरले नाही. त्यामुळे ‘विनाकारण’ हा नायक जिम स्टार्कच्या वागण्यावर दिलेला निवाडा समजू नये. दुसऱ्याच कोणाच्या रोगनिदानावरून तो शब्द उसना आलेला आहे.

कारण चित्रपटात आहे, आणि ते लपवलेलेही नाही. पोलीस ठाण्यात जिमला न्यायला आलेले आई, वडील आणि आजी एकमेकांचे बोलणे खोडण्यात इतके गुंतून जातात की ज्याच्यासाठी आपण आलो तो मुलगा समोरच उभा आहे, याचाही त्यांना विसर पडतो. मुलाने काही भानगड केली की बिऱ्हाड हलवायचे, हा या घराचा ठरलेला उपाय आहे. आपल्या पत्रात हे गाव बदलणे आईवडिलांच्या त्यागाच्या रकान्यात मांडलेले दिसते, परंतु जिमच्या लेखी तो निव्वळ पळ काढणे आहे, आणि आपण भित्रे आहोत की काय या शंकेने तो आधीच पोखरलेला आहे.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बझ नावाचा टोळीप्रमुख त्याला भित्रा म्हणतो. रात्री दोघांनी चोरीच्या मोटारी कड्याच्या दिशेने भरधाव सोडायच्या आणि जो आधी उडी टाकेल तो भित्रा, अशी शर्यत ठरते. शर्यतीला जाण्यापूर्वी जिम घरी येऊन वडिलांना विचारतो की जिथे गेले तर धोका आहे आणि न गेले तर अब्रू जाते, अशा वेळी माणसाने काय करावे. वडील म्हणतात की घाई करू नये, कागद घेऊन दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून काढावेत, दहा वर्षांनी या सगळ्याचे हसू येईल. या सल्ल्यात चूक काही नाही. कचेरीत कोणी तो दिला असता तर शहाणपणाचाच ठरला असता. पण मुलाला तासाभरात निघायचे आहे, आणि त्याला वडिलांकडून यादी नको आहे, ते स्वतः अशा वेळी काय करतील हे ऐकायचे आहे. तेवढे सोडून वडील बाकी सारे बोलतात.

शर्यतीत बझच्या जाकिटाची बाही मोटारीच्या दाराच्या मुठीत अडकते आणि तो मोटारीसह कड्यावरून कोसळतो. जिम घरी येतो, घडलेले सांगतो आणि पोलिसांकडे जायचे म्हणतो. आई जिन्याच्या वरच्या बाजूला, वडील खाली आणि जिम मधल्या पायऱ्यांवर. कॅमेराही कललेला, जणू सगळे घरच एका बाजूला झुकले आहे. तू एकट्यानेच यात का अडकावेस, असा घरातल्या मोठ्या माणसांचा सूर असतो, आणि आई पुन्हा गाव सोडण्याची भाषा करते. एकदा तरी माझ्या बाजूने उभे राहा, असे जिम वडिलांना विनवतो. वडील गप्प राहतात, तेव्हा तो त्यांना ओढत खाली नेतो आणि त्यांचा गळा धरतो. आपल्याला खटकलेला प्रसंग तो हाच. त्यातला हिंसाचार मी नाकारत नाही, मात्र त्याच्या आधीचे ते काही क्षणांचे मौन आपण पुन्हा एकदा पाहावे, एवढीच विनंती आहे.

त्याच वर्षी आलेल्या एलिया कझान दिग्दर्शित ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्येही जिमचे काम करणारा जेम्स डीनच नायक आहे आणि दुखणेही याच जातीचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅल हा मुलगा घेवड्याच्या व्यापारात पैसे मिळवून वडिलांचे बुडालेले भांडवल त्यांच्या वाढदिवशी त्यांच्यापुढे ठेवतो, आणि युद्धावर कमावलेला पैसा आपल्याला नको म्हणून ते तो परत करतात. संहितेनुसार कॅलने पाठ फिरवून निघून जायचे होते. डीनने आयत्या वेळी रडत रडत वडिलांना मिठी मारली, वडिलांचे काम करणारे रेमंड मॅसी गोंधळून गेले आणि कझानने ते तसेच ठेवले. या दोन्ही मुलांना वडिलांपासून सुटका हवी आहे, असे मला कधीच वाटले नाही. वडिलांनी आपल्याकडे वळून पाहावे म्हणून त्यांचा हा सारा आटापिटा चाललेला असतो.

प्रश्न : ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये जिमचे वडील सूटवर झालर लावलेला एप्रन बांधतात, आजारी बायकोसाठी जेवणाचे ताट नेतात, ते सांडते तेव्हा गुडघे टेकून जमीन साफ करतात, आणि हे दृश्य जणू एखादा भयंकर अपमान असल्यासारखे दाखवले आहे. बायकोला मदत करणारा नवरा हा दुबळा बाप, आणि तडफदार आई ही घराच्या नासाडीचे मूळ, असेच दिग्दर्शकाला म्हणायचे आहे ना? ज्याला अभिजात म्हणतात त्या चित्रपटाने हे करावे?

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो कमी करून सांगण्याचा प्रयत्न मी करणार नाही. आईने आणि आजीने वडिलांना कह्यात ठेवले आहे, म्हणून मुलगा बिथरला, हे निदान त्या काळच्या अमेरिकेत फार चलनी होते. लोकप्रिय मानसशास्त्राने ते घरोघरी पोहोचवले होते आणि चित्रपटाने ते काहीही न तपासता उचलले. जिम तर म्हणतो की वडिलांनी आईला एकदा जोरात ठोसा मारला असता तर तीही सुखी झाली असती. आज ते वाक्य ऐकताना अंगावर काटा येतो, आणि यावाच.

तरीही चित्रपटातली दुसरी दोन घरे विसरू नयेत. जिमची मैत्रीण ज्यूडी हिचे वडील दुबळे नाहीत, कर्तेसवरते आहेत. सोळा वर्षांच्या मुलीने जवळ येऊन मुका घेतला तर आता हे शोभत नाही म्हणून तिला दूर सारतात आणि वर थोबाडीत मारतात. जिमचा मित्र प्लेटो याच्या घरी आईवडील नाहीतच, त्याला मोलकरीण सांभाळते आणि वडिलांकडून येतो तो फक्त खर्चाचा धनादेश. एक बाप वाकणारा, एक मारणारा आणि एक पैसे पाठवणारा, असे तिघे शेजारीशेजारी ठेवल्यावर ‘बाप कणखर असता तर सारे ठीक झाले असते’ हा सिद्धांत चित्रपटातल्या चित्रपटातच मोडतो. निकोलस रेला हे पुरते उमगले होते का, याविषयी मला शंका आहे. कारण शेवटी प्लेटो पोलिसांच्या गोळीने मरतो तेव्हा जिमचे वडील आपला कोट मुलाच्या खांद्यावर घालतात, मी आता खंबीर होईन असे वचन देतात, आई हसून गप्प राहते आणि घर दुरुस्त झाल्याचे दाखवले जाते. त्या शेवटावर माझा विश्वास बसत नाही. त्याआधीचा, ओसाड हवेलीत ही तिन्ही मुले घर-घर खेळतात तो भाग मात्र कितीही वेळा पाहिला तरी खरा वाटतो.

प्रश्न : जेम्स डीन खरोखर शाळकरी वयाचा होता का? घरात पैज लागली आहे.

उत्तर : नव्हता. त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १९३१ चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी तो २४ वर्षांचा होता. ज्यूडी झालेली नॅटली वुड आणि प्लेटो झालेला साल मिनियो हे दोघे मात्र खरोखरच १६ वर्षांचे होते. डीन ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात गेला आणि चित्रपट त्यानंतर महिन्याभराने पडद्यावर आला. प्रेक्षकांनी कड्यावरची शर्यत पाहिली ती हे ठाऊक असतानाच. त्याच्या मृत्यूनंतर त्याला ऑस्करची दोन नामांकने मिळाली, ती ‘ईस्ट ऑफ ईडन’ आणि ‘जायंट’साठी. ज्या भूमिकेने तो अजरामर झाला तिच्यासाठी मिळाले नाही. पैज कोणी जिंकली ते कळवावे.

प्रश्न : मुले आईवडिलांविरुद्ध पूर्वापार भांडत आली आहेत. मग असे चित्रपट १९५५ च्या आसपासच एवढे का निघाले?

उत्तर : बिघडलेली मुले हॉलिवूडला आधीही ठाऊक होती. विल्यम वायलरचा ‘डेड एंड’ १९३७ चा आणि मायकेल कर्टिझचा ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ १९३८ चा. मात्र ती मुले झोपडवस्तीतली होती, आणि दारिद्र्य हटवले की गुन्हा हटेल, असा त्या चित्रपटांचा हिशेब होता. १९५५ मध्ये धक्का बसला तो यामुळे, की मुलगा सुखवस्तू उपनगरातला आणि तरीही पोलीस ठाण्यात. महायुद्धानंतरच्या सुबत्तेने या मुलांना खिशात पैसे, हाती मोटार आणि कामाला न जाता शाळेत काढायची काही जास्तीची वर्षे दिली. ‘टीनएजर’ हा शब्द रुळला तो १९४० च्या दशकात, आणि त्यांना गिऱ्हाईक म्हणून आधी ओळखले ते व्यापाऱ्यांनी. ‘सेव्हन्टीन’ हे मुलींचे मासिक १९४४ मध्येच सुरू झाले होते.

याला चित्रपटधंद्याची स्वतःची निकडही जोडली गेली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मोठ्या कंपन्यांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, त्यातच दूरचित्रवाणीने मोठ्या माणसांना घरी बसवले. तिकीट काढून बाहेर पडणारा राहिला तो तरुण. वॉर्नर ब्रदर्सने ‘रिबेल’चे चित्रीकरण कृष्णधवल पटावर सुरू केले होते, काही दिवसांतच तो चित्रपट रंगीत करायचे ठरले आणि आधीचा भाग टाकून द्यावा लागला. जिमचे ते प्रसिद्ध लाल जाकीट आपल्याला दिसते ते या फेरनिर्णयामुळे.

मोठ्यांना वाटणारी भीतीही खरी होती, आणि ती कधीकधी हास्यास्पद थराला जाई. मार्लन ब्रँडो नायक असलेला ‘द वाइल्ड वन’ १९५३ चा. तू कशाविरुद्ध बंड करतो आहेस असे विचारल्यावर नायक उलट विचारतो की तुमच्याकडे काय काय आहे. ब्रिटनच्या परिनिरीक्षकांनी त्या चित्रपटाला १९६७ पर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. रिचर्ड ब्रूक्सच्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’मध्ये शिक्षकावर उलटणारा शाळेतला वर्ग आहे, तो १९५५ च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला जाऊ नये म्हणून इटलीतील अमेरिकेच्या राजदूत क्लेअर बूथ लूस यांनी आक्षेप घेतला आणि तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी जून महिन्यात सिनेटर केफॉव्हर यांच्या बालगुन्हेगारीवरील उपसमितीने लॉस एंजेलिसमध्ये चित्रपटवाल्यांच्या साक्षी काढल्या. मुले अशी का वागतात, हा प्रश्न मुलांना सोडून बाकी सर्वांना विचारला गेला. जाता जाता एक गंमत : ‘ब्लॅकबोर्ड जंगल’मध्ये विद्यार्थी झालेला सिडनी पॉयटियर बारा वर्षांनी ‘टू सर, विथ लव्ह’मध्ये अशाच एका वर्गासमोर शिक्षक म्हणून उभा राहिला.

प्रश्न : फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’च्या शेवटी मुलगा समुद्रापर्यंत धावत जातो, वळून आपल्याकडे पाहतो आणि चित्र गोठते. या शेवटाचा अर्थ काय? त्याला स्वातंत्र्य मिळाले की नाही?

उत्तर : १९५९ च्या या चित्रपटातला आंत्वान दोइनेल हा अमेरिकन जिमपेक्षा वयाने लहान आहे, पण एका बाबतीत त्याच्या पुढे गेलेला आहे : मोठ्यांकडून उत्तर मिळेल ही आशा त्याने सोडून दिली आहे. म्हणून तो भांडत नाही, खोटे बोलतो. शाळा बुडवल्याचे कारण विचारल्यावर तो आई मेल्याचे सांगतो, आणि आई जिवंतपणी शाळेत येऊन उभी राहते. टंकलेखन यंत्र चोरतो, ते विकले जात नाही म्हणून परत ठेवायला जातो आणि नेमका तेव्हाच पकडला जातो. सावत्र वडील त्याला स्वतः पोलिसांच्या स्वाधीन करतात.

सुधारगृहात मानसशास्त्रज्ञ बाई त्याला प्रश्न विचारतात तो प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. बाई पडद्यावर दिसतच नाहीत, फक्त त्यांचा आवाज येतो, आणि ज्याँ-पिएर लेओ या मुलाने दिलेली उत्तरे बरीचशी त्याची स्वतःची, उत्स्फूर्त आहेत. आईला आपण नकोच होतो, आजीमुळे जन्मलो, हे तो खांदे उडवून सांगतो. संबंध चित्रपटात एखाद्या मोठ्या माणसाने त्याला सलग प्रश्न विचारून त्याचे पूर्ण ऐकून घेतले आहे ते तिथे, आणि त्या माणसाला चेहरा नाही. त्रुफोच्या बालपणाची छाया या कथेवर आहे. त्यालाही वडिलांनी सुधारगृहात धाडले होते. त्याला आधार देणारे समीक्षक आंद्रे बाझाँ चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच वारले आणि चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे. समुद्रापाशी जमीन संपते, म्हणून आंत्वान थांबतो. त्याला परत फिरावेच लागणार, आणि फिरल्यावर समोर आपण असतो. स्वातंत्र्य किंवा पराभव असा निकाल त्या चेहऱ्यावरून काढणाऱ्यांची मते मी आदराने वाचतो. माझ्या मते तो मुलगा पुढचा प्रश्न कोण विचारणार याची वाट पाहतो आहे.

प्रश्न : हे सारे परदेशातले झाले. मराठी चित्रपटाने असे बंड दाखवले का?

उत्तर : दाखवले, आणि जेम्स डीनच्या अठरा वर्षे आधी दाखवले. प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ चा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मामाने पैशांसाठी म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती अशी साकारली आहे की तिचे ‘नाही’ संवादांत नसून मानेच्या कोनात ऐकू येते. केशवराव दाते यांचे काकासाहेब हे खलनायक नाहीत. आपण काय करून बसलो हे ज्याला हळूहळू कळते असा तो माणूस आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातल्या आणि रस्त्यातल्या आवाजांवर तो उभा आहे, आणि भिंतीवरचे नादुरुस्त घड्याळ म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाची आठवण सतत करून देते.

जिम आणि नीरा यांच्यात मोठा भेद आहे. नीराला कारण शोधावे लागत नाही; ते लग्नाच्या बोहल्यावरच तिच्यासमोर उभे असते, आणि ज्याच्याविरुद्ध तिने बंड केले तो वडीलधारा माणूस अखेर कबूल करतो की ती बरोबर होती. त्या कबुलीची किंमत तो आत्महत्या करून चुकवतो, हे मात्र मला आजही अवजड वाटते. हिंदीत पाहायचे तर ‘आवारा’ आठवावा, १९५१ चा. तिथे मुलाला आपले वडील कोण हेच ठाऊक नसते आणि न्यायाधीश बाप रक्तावरून माणसाची जात ओळखता येते या हट्टाला चिकटून असतो. पण तो नायक वयात आलेला आहे; आपण ज्या वयाविषयी बोलत आहोत ते त्याने केव्हाच ओलांडले आहे.

प्रश्न : या सर्व चित्रपटांत चूक नेहमी आईवडिलांचीच का? मी स्वतः दोन मुलांचा बाप आहे. वरिष्ठांपुढे मान तुकवल्याशिवाय घर चालत नाही, हे मुलांना कोणी सांगावे? आमची बाजू मांडणारा एखादा जुना चित्रपट सुचवाल का?

उत्तर : आपल्या पत्रातले वरिष्ठांपुढे मान तुकवण्याचे वाक्य वाचताच एकच नाव सुचले : यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा १९३२ चा मूकपट ‘आय वॉज बॉर्न, बट...’. त्यातली दोन मुले किशोरवयाला अजून पोहोचलेलीही नाहीत. वडिलांनी साहेबाच्या घराजवळ बिऱ्हाड केले आहे. नव्या वस्तीतल्या दांडग्या मुलांना या भावांनी वठणीवर आणले आहे, साहेबाचा मुलगाही त्यांच्या हुकमतीत आहे, आणि आपले वडील सर्वांत थोर याविषयी त्यांना शंका नाही. मग एका संध्याकाळी साहेबाच्या घरी हौसेने घेतलेली चलचित्रे दाखवली जातात, आणि त्यांत वडील साहेबाला हसवण्यासाठी तोंडे वेडीवाकडी करताना दिसतात.

घरी येऊन मुले विचारतात की तुम्ही त्यांच्यापुढे का वाकता. तो पगार देतो म्हणून, असे वडील सांगतात. मग घेऊ नका पगार, हे मुलांचे उत्तर. पगार नसेल तर तुम्ही खाणार काय, असे विचारल्यावर मुले जेवणच सोडतात. जिम स्टार्कने वडिलांना गुडघ्यांवर पाहिले त्याच्या तेवीस वर्षे आधी हीच जखम इथे दाखवली आहे. फरक एवढाच की ओझूचा बाप गप्प राहत नाही. तो चिडतो, मोठ्या मुलाला फटके देतो, आणि मुले झोपल्यावर बायकोजवळ कबूल करतो की त्यांचे म्हणणे खरे आहे, त्यांनी माझ्यासारखे होऊ नये. मुलांना ते ऐकू जात नाही, आपण ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुकेपुढे उपोषण टिकत नाही. वडील मुलांच्या शेजारी बसतात आणि तिघे मिळून भाताचे गोळे खातात. मग ते एकत्र बाहेर पडतात, वाटेत साहेबाची मोटार उभी असते आणि मुले बरोबर असल्यामुळे वडिलांचे पाऊल अडखळते. तेव्हा जा, त्यांना नमस्कार करा, असे मुलेच त्यांना सांगतात.